गेममधलं बोलणं धरत नाहीत

अक्कांचं मला ऐकू आलेलं पहिलं वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. ते स्क्रीनवरच्या बाईसाठी होतं.

गारखेड्यातल्या त्या घरात राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. रविवारची दुपार, दार सताड उघडं, पंखा फुल, आणि मी लॅपटॉपवर गेम खेळत बसले होते. धुक्यानं भरलेलं एक बेट, त्यावर दीपगृह, आणि हरवलेल्या बहिणीला शोधत निघालेली एक बाई. मला असेच गेम आवडतात. गोळ्या नाहीत, तलवारी नाहीत, कुणाचा मुडदा पाडायचा नाही. चालायचं, बघायचं, कोडी सोडवायची आणि हळूहळू कळत जायचं की इथं काय घडून गेलंय. ऑफिसात दिवसभर लोकांच्या विम्याचे दावे तपासल्यावर डोक्याला एवढीच करमणूक झेपते. तर मी दीपगृहाचा जिना पुन्हा एकदा चढणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"तिला म्हणाव, आधी मागचं दार लाव. वारं यायलंय तिकडून."

मी दचकून वळले. गाऊनवर ओढणी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, तर्जनीवर मिश्रीचा काळपट डाग. माझी घरमालकीण, आजवर नुसती लांबून पाहिलेली. कढीपत्ता द्यायला आली होती आणि किती वेळ उभी होती देव जाणे.

"अक्का, गेम आहे हो तो."

"गेम असंल. पर कंदील इझायलाय ना तिचा."

मी मुकाट्यानं मागचं दार लावलं आणि जिना चढले. कंदील विझला नाही. त्या कंदिलापायी मी सकाळपासून डोकं आपटत होते! अक्कांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी कढीपत्ता ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढली, आणि म्हणाल्या, "हां, चल आता पुढं."

तेव्हापासून आम्ही दोघी गेम खेळू लागलो. म्हणजे बटणं मी दाबायची आणि हुकूम त्यांनी सोडायचे. "हात तुझे, डोळे माझे," अशी वाटणी त्यांनी परस्पर करूनही टाकली होती.

अक्का सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. माहेर सोयगावाकडचं, धनगराचं घर. वडील, म्हणजे आबा, शेवटपर्यंत मेंढरामागं. "आमी घोंगड्यावर जल्मलो," असं त्या कुणालाही पहिल्या भेटीतच सांगत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ रावसाहेब भूगोलाचा मास्तर झाला, आणि बहीणभावंडांनी मिळून गारखेड्यात हे घर बांधलं. खाली भाऊ, बायको गेल्यापासून एकटाच, वर बहीण, आणि वरच्याच मजल्यावर जिन्यालगतच्या दोन खोल्यांत भाडेकरू. म्हणजे मी.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले की पाय धुवायच्या आत दाराशी प्रश्न यायचा, "काय गं जोशीबाई, धुक्याचा लावायचा का?" गेमची इंग्रजी नावं त्या तोंडात धरत नसत. धुक्याचा, खटक्यांचा, बिनछपराच्या घराचा, अशी त्यांची बारशी झालेली. खटक्यांचा म्हणजे बर्फात बुडालेल्या एका रेल्वे स्टेशनातला गेम. एकटा म्हातारा सिग्नलवाला, त्याचे खटके, दिवे, आणि कधीच न येणारी गाडी. त्यातला एकटेपणा, त्याचं संगीत, खिडकीवर साचत जाणारा बर्फ, सगळं मला फार भिडलं होतं. मी भारावून अक्कांकडे पाहिलं.

"ह्या बाबाला रक्त कमी हाय," अक्का म्हणाल्या. "ओठ बग."

"अक्का, रंगच तसा वापरलाय."

"मग रंग देणाऱ्याला कमी असंल."

खोटं कशाला सांगू, त्यानंतर तो म्हातारा मलाही अशक्तच दिसायला लागला.

त्यांच्या खेळण्याचे नियम होते आणि ते मोडायची माझी टाप नव्हती. पहिला नियम, पळायचं नाही. प्रत्येक गेममध्ये पळायचं एक बटण असतं; अक्कांनी माझं बोट त्यावर पाहिलं की त्या हातावर चापट मारत. "मागं कुनी लागलंय का? मग?" दुसरा नियम, कुणाच्याही घरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही. ह्या गेममध्ये घरं बहुधा ओसाडच असतात, माणसं सोडून गेलेली असतात, तीच तर गंमत असते. पण अक्का प्रत्येक उंबऱ्याशी मला थांबवत आणि मोठ्यानं विचारत, "कुनी हाय का घरात?" मग आम्ही थांबायचो. उत्तर कुठलं यायला? तरी थांबायचं. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची. आणि एकदा, बिनछपराच्या घराशी आम्ही अशाच थांबलो असताना आतून खरंच एक म्हातारी खोकली आणि म्हणाली, ये, दार उघडंच आहे. गेम बनवणाऱ्यानंच तशी सोय करून ठेवली होती. थांबणाऱ्यालाच ती म्हातारी भेटत होती. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. दोन दिवस गल्लीत ज्याला त्याला सांगत होत्या.

चुकायच्या मात्र जोरात. एका गेममध्ये गोड बोलणारा डॉक्टर होता. मला पहिल्यापासून त्याचा संशय, अक्कांना त्याचं कौतुक. शेवटी सगळी कारस्थानं त्याचीच निघाली तेव्हा त्या माझ्यावर फुगल्या, जसं काही तो डॉक्टर मीच नेमला होता.

"डॉक्टर असलं करत नसतेत."

"अक्का, केलं की त्यानं. आपल्या समोर केलं."

"मग डॉक्टर नसंल. कंपाउंडर असंल."

पाण्यातल्या गावाचा गेम मला कधीच विसरता येणार नाही. धरणात बुडणारं गाव, एक लहान मुलगी आणि तिचं कुत्रं. दोघांनी मिळून भिंती चढायच्या, दोर ओढायचे, पाण्यातून वाट काढायची. आम्ही तो चार-पाच रविवार पुरवून पुरवून खेळलो. अक्का आता कुत्र्याला हाका मारायच्या, त्याचं लंगडणं बघून हळहळायच्या. शेवटी होडी आली. मुलगी होडीत चढली. कुत्रं काठावर राहिलं.

"कुत्रं घे."

"घेता येत नाही अक्का. गोष्टच तशी आहे. तो निरोपाचा प्रसंग आहे."

"निरोप गेला खड्ड्यात. उतर खाली. कुत्रं घे."

मी उतरले. पुन्हा चढले. कुत्र्याला हाका मारल्या, दोर टाकले, वेगवेगळ्या बाजूंनी होडी लावून पाहिली. ते काही चढेना. चढणारच नव्हतं, गेम तिथं संपतो आणि लोक रडतात, मोठी तारीफ झालीय त्या शेवटाची. अक्का रडल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या.

"मुकं जनावर असं टाकून जात असतेत का? काय माणसं हायत! पोरीला उतरीव खाली आन कर बंद."

आणि खरंच, मी पुढचं बटण दाबलं नाही. ती मुलगी अजून माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये काठावर कुत्र्याशेजारी उभी आहे. त्या संध्याकाळी अक्का जेवल्या नाहीत. एका गेमपायी एवढं? माझ्या डोक्यात प्रकाश पडायला बराच वेळ लागला.

त्याआधी त्या घरातला अबोला सांगायला हवा.

नळाला पाणी यायचा दिवस असला की मला हे नाटक पाहायला मिळे. सर, म्हणजे अक्कांचे भाऊ, जिन्याच्या खालच्या पायरीवर. अक्का वरच्या पायरीवर. मधे मी, हातात चहाचा कप.

"जोशीबाई, खाली सांगा, टाकी भरली. मोटर बंद करा म्हणाव."

"मॅडम, वर सांगा, केली."

दोघांत आठ-दहा पायऱ्यांचं अंतर. दोघांचे कान ठणठणीत. तरी मी निरोप पोचवायचा, आणि पोचवल्याशिवाय ना मोटर बंद व्हायची, ना कुणी हलायचं. पाच-सहा वर्षं हे असंच चाललं होतं. माझ्या आधीच्या भाडेकरूनंही हेच काम केलं होतं म्हणे. भाऊबीजेला अक्का ताट तयार करायच्या, निरांजन लावायच्या आणि ताट जिन्याच्या मधल्या चौकात ठेवून आत जायच्या. सर वर यायचे, स्वतःच्या हातानं स्वतःला टिळा लावायचे, लाडू खायचे आणि साडीची पिशवी तिथंच ठेवून खाली जायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पण दुसऱ्या दिवशी अक्का तीच साडी नेसून भाजी आणायला गेल्या.

अबोल्याचं कारण त्यांनी मला शेवया वळता वळता तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आई आधीच गेलेली. आबा गेले तेव्हा मागं घर आणि मेंढरं उरली. दिवसकार्य झालं, अक्का ड्यूटीवर परतल्या. आठवड्यानं पुन्हा गावी गेल्या तर घराला कुलूप आणि मेंढवाडा रिकामा. शेजारची बाई म्हणाली, टेम्पो आला होता, घेऊन गेले. टेम्पोत घातलेली मेंढरं कुठं जातात ते धनगराच्या पोरीला कुणी सांगावं लागत नाही.

"मला विचारलं नाय. शेवटचं बगू दिलं नाय. त्यात काळकानी होती, माझ्या हातानं बाटलीनं दूध पाजलेली," अक्का म्हणाल्या. "मी त्याला एवढंच बोलले, तू आबाला खाटकाला इकलंस. त्यो खाली मान घालून उभा. मग बोलण्यासारखं राहिलंच काय?"

खालून सरांच्या रेडिओवर बातम्या ऐकू येत होत्या. सर तर असे की घरात शिरलेली पालसुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडायचे. मला ते गणित जुळेना.

मग आमच्या आयुष्यात दोघांचा गेम आला.

हा गेम एकट्याला खेळताच येत नाही. एक जुना बंगला, त्याचे दोन अर्धे. एकाच्या स्क्रीनवर एका बाजूच्या खोल्या, दुसऱ्याच्या स्क्रीनवर दुसऱ्या बाजूच्या. एकाच्या खोलीतल्या कुलपाची खूण दुसऱ्याच्या भिंतीवर. एकमेकांची स्क्रीन बघायची नाही. जे दिसतंय ते बोलून सांगायचं. मी अक्कांसाठी माझा टॅब काढला, स्वतः मोबाइल घेतला, आणि आम्ही तिसऱ्याच खोलीत अडकलो. अक्कांच्या भिंतीवर बेटांचा नकाशा होता आणि माझ्याकडे एक होकायंत्र. त्या सांगत होत्या, मी फिरवत होते, दार ढिम्म. आवाज चढले. मी त्यांना डावंउजवं कळत नाही म्हणाले, त्या मला शिकून वाया गेलेली म्हणाल्या.

जिन्यातून खाकरण्याचा आवाज आला.

"मॅडम, वर सांगा... नकाशात उत्तर खाली काढलेली आहे. कोपऱ्यात बाण असंल बघा म्हणावं."

कोपऱ्यात बाण होता. दार उघडलं. आणि आम्हा दोघींच्या डोक्यात एकदमच आलं की हा माणूस खाली रेडिओ लावून इतके महिने आमचा प्रत्येक गेम ऐकत बसलेला आहे!

अक्कांनी ओढणी सावरली. "त्याला सांग, लई कळत असंल तर वर ये म्हणाव."

सर आले. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि दाराबाहेर जिन्याच्या चौकात बसले. अक्का आत, त्यांच्याकडे पाठ करून. सरांच्या मोबाइलवर मी गेम घालून दिला, टॅब अक्कांकडे, आणि मी उंबऱ्यावर.

"मॅडम, त्यांना विचारा, घड्याळात किती वाजलेत?"

"सांग त्याला, घड्याळच नाय. घुबड हाय."

"घुबडाचे डोळे उघडे का मिटलेले?"

"एक उघडा, एक मिटलेला, सांग."

असं आम्ही पंधरा दिवस खेळलो. हसू नका, माझा घसा बसला. एका खोलीत तर मेणबत्ती विझायच्या आत उत्तर द्यायचं होतं. माझ्यामार्फत निरोप जाईपर्यंत ती प्रत्येक वेळी विझायची. मी चिडून म्हटलं, तुम्ही दोघं थेट बोला नाहीतर ही खोली आयुष्यात सुटणार नाही. दोघंही छताकडे बघत बसले. तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला आणि मी गॅलरीत गेले.

परत आले तर खोलीत कल्ला.

"हिरवा म्हन्ते ना मी! हिरवा!"

"अगं अक्के, हिरवे दोन हायत इथं, कोणता?"

"पानाचा! राव्या, पानाचा दाब!"

मेणबत्ती जळत राहिली. दार उघडलं. सर खुर्चीतून अर्धे उठलेले, अक्का टॅब छातीशी धरून हसताहेत. मी फोन हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी. अक्कांची नजर माझ्याकडे गेली आणि हसणं झटक्यात मावळलं. त्यांनी गेम बंद केला, टॅब बाजूला ठेवला.

"गेममधलं बोलणं धरत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "सांग त्याला."

"मॅडम, सांगा, मला ठाऊक आहे," सर म्हणाले आणि खुर्ची उचलून खाली गेले.

त्या दिवसापासून तोच कायदा झाला. गेम चालू तर बोलणं चालू. गेम बंद की अबोला पुन्हा जागेवर. आणि कायद्यातून पळवाट काढण्यात ही भावंडं वकिलांच्या वरताण निघाली. एकदा सर लंगडत जिना चढले. अक्कांनी पाहिलं आणि मला म्हणाल्या, "गेम लाव म्हणाव." गेम लागला. अक्कांनी त्यात एका दिवाणखान्यात नुसतं जाऊन उभं राहायचं ठरवलं, कशालाही हात न लावता.

"पाय दाखीव. साखर कवा तपासली व्हती?"

"दिवाळीच्या आधी."

"चप्पल बदल. उद्या उपाशी पोटी वर ये, मी बोटाला टोचते. झालं. कर बंद."

दुसऱ्या दिवशी बोट टोचतानाही शेजारी टॅब चालूच. सरांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, नात पहिली आली, आंब्याच्या लोणच्याला बुरशी धरली, सगळं त्या बंगल्याच्या खोल्यांतून फिरत फिरत एकमेकांना सांगून व्हायचं. मला निरोप्याच्या कामावरून काढूनच टाकलं होतं. मला आनंद झाला होता की थोडं चुकल्यासारखं वाटत होतं? खरं सांगायचं तर दोन्ही.

आणि मग बंगल्याचं शेवटचं दार आलं.

ते काही केल्या उघडेना. पंधरवडा गेला, महिना गेला. दोघंही रोज संध्याकाळी त्या दारासमोर उभे, अक्का म्हणायच्या, "लई अवघड हाय बाई," सर म्हणायचे, "हो ना." मी मधे नाक खुपसायला गेले की दोघंही मला हाकलायचे. एका सकाळी सरांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, ते शेवटचं कोडं सुटलंय मला. तिच्या बाजूचे चारही आरसे दाराकडे वळवले की झालं. पण वर बोलू नका." मी वर आले तर अक्का पोळ्या लाटत होत्या. मी त्या कोड्याचा विषय काढताच लाटणं थांबलं.

"आरशांचं ना? ते मला पयल्याच दिवशी दिसलं. त्याला नको सांगू."

गेम संपला तर बोलायचं कशात? दोघांनाही तीच भीती, आणि दोघंही एकमेकांपासून ती लपवत होते. मी ओट्याला टेकून नुसती उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं तर म्हटलं, कांद्यानं आलं. ओट्यावर कांदा नव्हता.

पण शेवटचं दार असं जन्मभर कुणाला टाळता येतं? त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. माझी जळगावला बदली झाली. आणि सरांनी बंगल्यातल्या त्या बंद दारासमोर उभं राहून सांगितलं की मुलगा पुण्याला बोलावतोय. खालचा मजला भाड्यानं देऊन तिकडंच राहायचं ठरतंय.

अक्कांनी बोट स्क्रीनवरून काढून घेतलं. टॅबवर आरसे चमकत होते. चहा निवला. मी उठून जावं की बसावं हे कळत नसल्यामुळे बसूनच राहिले. भाऊ जाणार, मधला निरोप्याही जाणार. मग उरलेला जन्म हा अबोला घेऊन त्या घरात एकट्यानं राहायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

"एक इचारू?" अक्का म्हणाल्या. पाठ त्यांची अजून सरांकडेच. "गेममधलं हाय. धरू नको."

"विचार."

"काळकानी टेम्पोत चढली कशी? ती तर टेम्पोचा आवाज आला तरी बिथरायची. आबालाबी आवरायची नाय. तुला कशी आवरली? मारलं का तिला?"

सरांनी मोबाइल खाली ठेवला. मग सर म्हणाले, "कोणत्या टेम्पोत?"

"आबाच्या दारात आला व्हता त्यो."

"अक्के, त्यात आबांची खाट आणि भांडी आणली मी. खाली माझ्या खोलीत तीच खाट आहे." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "मेंढरं टेम्पोत घातली असं वाटलं तुला? मेंढरं चालत नेली. मी नेली, पायी. सोयगावाच्या पल्याड गेणू म्हणून मेंढपाळ आहे, आबांच्या ओळखीतला, त्याच्या हवाली केली. आपल्या दोघांच्या नोकऱ्या शहरात, कुणी राखायची होती ती? तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हटलेलं मला कधी मोडता आलंय का?"

"मग सांगितलं कामून नाय?"

"तू विचारलं कुठं? आल्या आल्या म्हणालीस, आबाला खाटकाला विकलंस. मला... मला वाटलं, ही मला असा समजते तर समजू दे. दर दिवाळीला जाऊन बघून येतो मी त्यांना."

"दिवाळीला तू सासुरवाडीला जातोस."

"सासुरवाडीला कोण उरलंय अक्के आता?"

अक्कांनी गेम बंद केला. स्क्रीन काळी झाली. सरांनी ते पाहिलं आणि कायद्यानं वागले. तोंड मिटलं, डोळे पुसले, खुर्ची उचलली आणि पायरी उतरायला लागले.

"खाली कुठं चाललास?" अक्का म्हणाल्या. टॅब त्यांच्या मांडीवर बंद पडलेला होता. "बस इथं. मला घेऊन चल तिकडं. उद्याच."

सर जिन्यात उभेच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्माची सवय, निरोप माझ्याकडूनच यायला हवा! मी म्हटलं, "सर, मी काय सांगू आता? तुम्हालाच म्हणाल्या त्या."

उद्याच काही जमलं नाही, पण त्याच आठवड्यात जमलं. मला सामान घेऊन जळगावला जायचंच होतं आणि वाट अजिंठ्याच्या घाटावरूनच होती. गाडीत मागं माझी भांडी, गाद्या आणि अक्का. पुढं सर, वाट दाखवायला. सिल्लोडला चहा घेतला. सरांनी अक्कांना विचारल्याशिवाय स्वतःसाठी बिनसाखरेचा सांगितला. अक्कांनी त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या बशीतली भजी काढून घेतली. घाट उतरेपर्यंत दोघांचं भांडण चालू होतं, खिडकी किती उघडायची यावरून. टॅब मी निघायच्या आधीच अक्कांना देऊन टाकला होता. शेवटचं दार अजून बंदच आहे, आणि ते उघडायची घाई मला तरी कुणात दिसली नाही.

गेणूचं पाल, म्हणजे राहायचा तंबू, एका पडीक शेतात होतं. मेंढरं दूरवर पसरलेली. मी गाडी रस्त्यावरच थांबवली. अक्का उतरल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि सरळ कळपात शिरल्या. एकेकीचं तोंड वर करून कान बघितला, दात बघितले, लोकरीत बोटं घालून कातडी तपासली. वॉर्डातल्या फेरीसारख्या त्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. काळकानी आता जिवंत असायचं कारणच नव्हतं, मेंढीचं आयुष्य ते किती! आणि हे सरांनी अक्कांना आधी सांगितलं असेल की नाही, देव जाणे. सर माझ्याशेजारी कुंपणाला धरून उभे होते, शिक्षा ऐकायला आलेल्या पोरासारखे.

अक्का कळपाच्या मधोमध थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "राव्या! एकबी वळखू येईना!"

सरांनी मान खाली घातली.

"अरं, मान काय घालतोस? किती झाली बग! समदी आपल्यांच्याच पोटची, नवी हायत. आपली अस्ती तेवढीच तर वळखू आली नसती का?" त्या हसत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. "ये इकडं. तिथं काय उभा राह्यलास पाहुण्यावानी!"

मला पुढं जळगाव गाठायचं होतं; ती दोघं संध्याकाळच्या एसटीनं परतणार होती. मी निरोप घ्यायला हात वर केला, पण कुणाचं लक्ष असेल तर शपथ. गाडी वळवताना दिसलं ते एवढंच: मेंढरं ओढ्याकडे उतरत होती, अक्का त्यांच्यामागं अनवाणी, चपला अजून हातातच, आणि सर त्यांच्या मागून नवीन चपलांत ठेचकाळत चालले होते, मोठमोठ्यानं काहीतरी सांगत, आणि अक्का मागं वळून वळून त्यांना उत्तर देत होत्या.